फॉलोऑन द्यावा की न द्यावा?

माझा नातू न्यू जर्सीत शिकतो. परवा वाशीला आला होता, तेव्हा त्याने लॅपटॉपवर तिकडचा फुटबॉल दाखवला. एका संघाने फाऊल केला, पंचांनी शिक्षा सांगितली आणि समोरच्या संघाने ती चक्क नाकारली! मी म्हटलं, "अरे, फुकट मिळतंय ते सोडतात?"

"आजोबा, शिक्षा घेतली तर ते दहा यार्ड मागे जातील, पण तिसरा प्रयत्न त्यांना पुन्हा मिळेल. नाकारली तर तो प्रयत्न वाया जातो. चौथ्याला बहुतेक वेळा बॉल लाथेने लांब मारून आपल्याकडेच द्यावा लागतो."

मला लगेच आपला फॉलोऑन आठवला. (इतिहास शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे कुठूनही मागे जायची खोड आहे.)

मंडळी, एके काळी फॉलोऑन सक्तीचा होता. मागे पडलेल्या संघाने लगेच पुन्हा खेळायचं, पुढच्या कर्णधाराला विचारायचंच नाही. १८९४ साली सिडनीला ऑस्ट्रेलियाने ५८६ केल्या, इंग्लंडने ३२५. इंग्लंडला पुन्हा खेळावं लागलं, त्यांनी ४३७ केल्या. मग रात्री पाऊस पडला आणि ओल्या खेळपट्टीवर ऑस्ट्रेलिया १६६ मध्ये आटोपली. दहा धावांनी हार! १८९६ मध्ये तर लॉर्ड्सवर केंब्रिजच्या गोलंदाजाने मुद्दाम बारा धावा अवांतर दिल्या, का, तर ऑक्सफर्डला फॉलोऑन मिळू नये. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि शेवटी जिंकली ऑक्सफर्डच. १९०० साली नियम बदलला आणि निवड कर्णधाराच्या हाती आली.

आता कबुलीची गोष्ट. २००७ मध्ये ओव्हलला आपण ६६४ केल्या, इंग्लंड ३४५. तीनशे एकोणीसची आघाडी, आणि द्रविडने फॉलोऑन दिला नाही. वर स्वतः ९६ चेंडूंत १२ धावा! सामना अनिर्णित राहिला. मी घरात त्याला भित्रा म्हटलं, तेही चारचौघांसमोर.

पण मालिकेत आपण १-० पुढे होतो. इंग्लंडात मालिका जिंकून २१ वर्षं झाली होती. गोलंदाज दमलेले. दुसऱ्या डावात आपले ११ धावांत तीन गडी गेले होते, हे मी तेव्हा सोयीस्कर विसरलो. आणि २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर २७४ ची आघाडी असताना स्टीव्ह वॉने फॉलोऑन दिला, तेव्हा लक्ष्मणच्या २८१ सोबत १८० करून त्याला पस्तावायला लावणारा हाच द्रविड होता. दमलेल्या गोलंदाजांची अवस्था त्याच्याइतकी जवळून कोणी पाहिली असेल? मी त्याच्यावर अन्याय केला.

डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर न्यूझीलंड ६२ मध्ये बाद झाली. २६३ ची आघाडी असूनही कोहलीने पुन्हा फलंदाजीच घेतली. ३७२ धावांनी जिंकलो. या वेळी मी गप्प बसलो.

नातवाने विचारलं, "मग कुणी द्यायचाच नाही का?" त्याला वाडेकरांची गोष्ट सांगितली. १९७१, किंग्स्टन. पहिला दिवस पावसात गेला, कसोटी चार दिवसांची उरली, म्हणून फॉलोऑनला दोनशेऐवजी दीडशेची आघाडी पुरेशी. आपल्या मडगावच्या सरदेसाईंच्या २१२ मुळे ३८७ झाल्या आणि विंडीज २१७. एकशे सत्तर! वाडेकर स्वतः विंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि सोबर्सना म्हणाले, पुन्हा खेळायला या. सामना अनिर्णित राहिला, पण वेळ थोडा होता आणि जिंकायचं तर दुसरा मार्ग नव्हता.