अधिक अधिक अधिक, आणि एक सेकंद गप्प



या पानावर आपण वाड्यांबद्दल, गणेशोत्सवाबद्दल, जुन्या मास्तरांबद्दल लिहितो. आज मी एका यंत्राच्या बोलीबद्दल लिहितो आहे. साधारण १९९६ ते २००५ या काळात आपल्या इंदुरातल्या ज्या मराठी घरातलं पोरगं पुण्यामार्गे अमेरिकेला गेलं, त्या घरात टेलिफोनशेजारी एक चपटी डबी आली. तिच्यावर लाल दिवे लुकलुकायचे आणि नंबर लागला की कुणीतरी गुळण्या करतंय असा आवाज निघायचा. तीच मोडेम. आजीला वाटायचं फोन बिघडला. ई-मेलची प्रिंट हातात पडली की मात्र चष्मा शोधायची धावपळ सुरू.

त्या डबीला कामाला लावायचं तर कीबोर्डवर आधी ए आणि टी ही दोन अक्षरं मारावी लागत. पुढे पुढे हे काम सॉफ्टवेअर आपोआप करू लागलं, म्हणून बऱ्याच जणांनी ती अक्षरं पाहिलीही नसतील. मी बी.कॉम. माणूस, इंजिनिअर नाही. पण बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा ज्याने ‘नको’ म्हटलं नाही त्याच्या गळ्यात ते पडले, आणि त्यात मी होतो. म्हणून ही बोली मला हाताने टाइप करावी लागली आणि तिचा इतिहास पुढे कुतूहलापोटी गोळा केला.

आधी अडचण काय होती ते सांगतो. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली. कॉम्प्युटरचे एक आणि शून्य त्यातून पाठवायचे तर त्यांचे सूर करावे लागतात. अमेरिकेत १९६० च्या दशकात बेल कंपनीने जी पद्धत बसवली तिच्यात फोन करणारा १०७० आणि १२७० हर्ट्झच्या सुरांत बोलायचा, उचलणारा २०२५ आणि २२२५ च्या. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे जेमतेम ३० अक्षरं. तरी चांगला टायपिस्टही याच्या फार मागे पडला असता! पण नंबर मात्र माणसानेच फिरवायचा, पलीकडून शिट्टी ऐकू आली की रिसीव्हर रबरी कपांत बसवायचा. कारण बेलच्या तारेला परकं यंत्र थेट जोडायला मनाईच होती. १९६८ च्या कार्टरफोन निकालाने ती मनाई मोडली आणि पुढच्या दहा वर्षांत थेट जोडणीचे नियम झाले. मोठ्या कंपन्यांकडे आपोआप नंबर फिरवणारी यंत्रं होती, पण ती वेगळी पेटी आणि तिची वेगळी केबल. घरगुती कॉम्प्युटरला एकच केबल लावायची सोय. त्या एका केबलमधून माल पाठवायचा की हुकूम?

हा प्रश्न ज्यांनी सोडवला ते दोघे आपल्याच धंद्याच्या शेजारचे होते, हे वाचून मला फार मौज वाटली. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन हे अटलांटाच्या नॅशनल डेटा कॉर्पोरेशनमध्ये एकत्र काम करायचे. ही कंपनी पैशांची इलेक्ट्रॉनिक पाठवणी आणि क्रेडिट कार्डांची मंजुरी यांचं काम करायची, आणि हेज तिच्या ग्राहकांकडे मोडेम जोडून द्यायचे. १९७७ मध्ये दोघांनी स्वतःचा धंदा सुरू केला. १९८१ मध्ये त्यांचा ‘स्मार्टमोडेम’ आला आणि त्यात ही ए-टीची बोली होती.

ए-टी म्हणजे ‘अटेन्शन’, सावधान. या अक्षरांनी सुरुवात झाली की मोडेम समजतो की हे आपल्यासाठी आहे. पुढच्या मोडेमना याच दोन अक्षरांच्या ठोक्यांवरून समोरच्या कॉम्प्युटरचा वेगही ओळखता येई. दोन्ही मोठी चालत, दोन्ही लहान चालत, एक मोठं एक लहान चालत नसे. ‘एटीएच’ म्हणजे फोन ठेव. ‘एटीए’ म्हणजे उचल. ‘एटीझेड’ म्हणजे सगळं विसरून मूळ स्थितीला ये. हुकूम पटला की उत्तर ‘ओके’, नाही पटला की ‘एरर’. फोन वाजला की पडद्यावर ‘रिंग’, पलीकडचा सूर हरवला की ‘नो कॅरिअर’. आणि स्पीकर गप्प करायचा तर ‘एटीएम’ आणि पुढे शून्य. बँकेत एटीएमसमोर शून्य लिहिलेलं दिसलं की कॅशिअरच्या पोटात गोळाच येणार, हा आमचा तेव्हाचा ठरलेला विनोद.

नंबर फिरवायचे हुकूम दोन: ‘एटीडीटी’ आणि ‘एटीडीपी’. टी म्हणजे टोन, पी म्हणजे पल्स. अमेरिकन पुस्तकात उदाहरणं सगळी टीची. आपल्याकडे तेव्हा कुठे फ्रेंच तंत्राची ई-टेन-बी एक्स्चेंज, कुठे सी-डॉटची, तर कुठे अजून जुनी स्ट्रोजर. स्ट्रोजरला टोनचं काही कळत नाही, तिला ठोके लागतात: पाचसाठी पाच, शून्यासाठी दहा. फोनच्या डायलला कुलूप लावलं तरी क्रेडलवर टपटप करून मावशीला फोन लावणारी पोरं आठवतात ना? एटीडीपी म्हणजे तेच, फक्त मोडेमच्या हाताने. आमच्या ऑफिसात ईपीएबीएक्स होता. आधी शून्य, मग बाहेरची लाइन येईपर्यंत थांबायचं, मग नंबर. त्यासाठी स्वल्पविराम होता. एक स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांब. विरामचिन्हाचा इतका शब्दशः उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही.

आणखी एक भानगड होती. मोडेम नंबर फिरवण्याआधी डायल टोन ऐकायचा. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झचा जोडस्वर. आपला ४०० चा, २५ च्या कंपनाने घरघरणारा. परदेशी डबी आपली घरघर ऐकून खुशाल ‘नो डायलटोन’ म्हणायची. कॉम्प्युटरवाला इंजिनिअर डोकं खाजवत म्हणायचा, “साब, टोन तो है, पर इसकी समझ में नहीं आ रही।” उपाय ‘एटीएक्स’ आणि पुढे तीन: टोनची वाट पाहू नकोस, सरळ फिरव. हा एक हुकूम माहीत असणारा माणूस त्या काळात कॉलनीत डॉक्टरइतका मानाने बोलावला जाई.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एकदा जोडणी झाली की मोडेम हुकूम घेणं बंद करतो. मग जे येईल तो माल, तो जसाच्या तसा तारेवर. हे बरोबरच आहे, नाहीतर तुमच्या पत्रात कुठे ‘एटीएच’ आलं की फोन कट. पण मग मालाच्या मध्येच हुकूम द्यायचा असेल तर? हेदरिंग्टन यांनी यावर जे काढलं ते मला आजही कौतुकाचं वाटतं. तीन अधिक चिन्हं (+++) सलग द्यायची, पण त्याआधी एक सेकंद काहीही पाठवायचं नाही आणि नंतरही एक सेकंद काहीही नाही. फाइल जाताना मधे तीन अधिक आले तरी त्यांच्या मागेपुढे अक्षरांची रांग असते, पूर्ण सेकंदाची शांतता सहसा नसते. म्हणजे खूण त्या तीन चिन्हांत नाही, त्यांच्या भोवतीच्या शांततेत आहे.

जुन्या बँकवाल्यांना हे चटकन पटेल. टेलिग्राफिक ट्रान्सफर, आपला टीटी, त्याच तारेने यायचा जिने लग्नाच्या शुभेच्छाही येत. ‘अमुकला इतके रुपये द्या’ एवढं वाचून कुणी पैसे देत नव्हतं. मजकुरात गुप्त कोडचा आकडा असायचा, कोडबुक कुलपातून काढून अधिकारी तो जुळवून पाहायचा, मगच व्हाउचर. हुकूम आणि नुसता मजकूर एकाच वाटेने येत असतील तर हुकुमाला वेगळी खूण हवीच. फरक एवढाच की मोडेममध्ये गुप्त काही नव्हतं.

या शांततेचं अमेरिकन पेटंट हेज कंपनीला १९८५ मध्ये मिळालं. बाकीची बोली कुणीही उचलली आणि सगळ्यांनी उचलली. डब्यावर ‘हेज कम्पॅटिबल’ छापल्याशिवाय मोडेम खपत नसे. पण त्या एका सेकंदासाठी कंपनीने रॉयल्टी मागितली. काहींनी भरली, काही कोर्टात गेले. १९९१ मध्ये ज्यूरीने हेजच्या बाजूने कौल दिला, १९९२ मध्ये अपिलातही तो टिकला. ज्यांना पैसे द्यायचे नव्हते त्यांनी पळवाट काढली: शांतता वगळायची, तीन अधिक आणि लगेच एटीचा हुकूम आला की तो खरा धरायचा. हेजने जाहिराती देऊन सांगितलं की असा मोडेम तुमच्या फाइलमधल्याच अक्षरांनी फोन ठेवून देईल. लोकांना वाटलं, कंपनी रॉयल्टी बुडाली म्हणून बोंबलते आहे.

स्वार्थ होताच. पण म्हणणं खोटं नव्हतं. १९९८ च्या सुमारास इंटरनेटवर टवाळ पोरांच्या हे लक्षात आलं. इंटरनेटवर एक कॉम्प्युटर दुसऱ्याला ‘आहेस का?’ अशी हाक मारतो, तिला पिंग म्हणतात, आणि दुसरा आलेला मजकूर तसाच परत पाठवून ‘आहे’ म्हणतो. या हाकेत कुणी ‘+++’ आणि फोन ठेवायचा हुकूम घालून पाठवला की बिचारा कॉम्प्युटर तोच मजकूर परत पाठवायचा, तो त्याच्याच मोडेममधून जायचा, आणि शांतता न मागणारा मोडेम तो हुकूम समजून फोन ठेवून द्यायचा. म्हणजे शिक्षा भोगणाऱ्याच्या तोंडूनच शिक्षेचा हुकूम. ज्यांच्या मोडेममध्ये तो एक सेकंद होता त्यांना काही झालं नाही. रॉयल्टी वाचवली कारखानदाराने, फोन कट झाला गिऱ्हाइकाचा. रात्री ११ नंतर एसटीडी पाव दरात म्हणून जागून बसणाऱ्याला कट झालेल्या कॉलचं मोल विचारा.

त्यावर औषधही त्याच बोलीत होतं. मोडेमच्या पोटात ‘एस’ नावाचे खण होते, आपल्या लेजरच्या कॉलमसारखे. एस-शून्यमध्ये कितव्या रिंगला फोन उचलायचा तो आकडा. एस-बारामध्ये शांततेची लांबी, सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, म्हणून तिथे ५०. एस-दोनमध्ये ४३, तो अधिक चिन्हाचा क्रमांक. तिथे २५५ भरला की ती खूणच बंद. जाणकारांनी हेच केलं, बाकीच्यांना पत्ताही नव्हता.

आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने चार महानगरांत सुरू केलं तेव्हा. बँकांचा प्रवास थोडा आधीचा. रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ चा, दुसरा १९८९ चा. शाखांत लेजर पोस्टिंग मशिनं आली, युनियनच्या सभा तापल्या, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. आमच्या प्रादेशिक कार्यालयातून आठवड्याचे आकडे मुख्य कार्यालयाला मोडेमने जाऊ लागले तेव्हा जे तास-दीड तास फोनवर ‘पाच नाही हो, पन्नास’ असं ओरडून चालायचं ते काही मिनिटांवर आलं. जोडणी मधेच तुटली की मात्र पुन्हा पहिल्यापासून. पुढे दुकानांत कार्डाची मशिनं आली, तीही आधी टेलिफोनच्या तारेवरच. कार्ड ओढलं की मशिन नंबर फिरवायचं, साडीच्या दुकानात वहिनी पिशवी घेऊन उभ्या आणि आतून तीच गुळणी ऐकू येतेय. हेज मूळ ज्या कामावर होते तेच काम, वीस-पंचवीस वर्षांनी आपल्या काउंटरवर.

हेज कंपनीचं पुढे बरं झालं नाही. स्वस्त मोडेमची लाट आली, १९९४ मध्ये ती दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली, १९९६ मध्ये बाहेर आली, दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन १९९८ मध्ये पुन्हा बुडाली आणि १९९९ मध्ये मोडीत निघाली. नाव तेवढं झूम या दुसऱ्या मोडेम कंपनीने विकत घेतलं. बोली मात्र कुणाच्या मालकीची राहिली नव्हती. जिनिव्हाच्या दूरसंचार संघटनेने तिला प्रमाणपद्धत म्हणून छापलं, तिचा क्रमांक व्ही-२५०. मोबाइल आले तेव्हा त्यांच्या प्रमाणपद्धती लिहिणाऱ्यांनी नवी बोली घडवण्याऐवजी हीच घेतली आणि एटीपुढे एक अधिक लावून नवे हुकूम जोडले: सिमचा पिन विचार, सिग्नल किती ते सांग, एसएमएस पाठव.

माझा एक भाचा सांगलीकडे शेती करतो. विहिरीवरच्या पंपाला त्याने सिमकार्डवाला स्टार्टर बसवला आहे. रात्री लाइट आली की घरून मोबाइलवरून मिस्ड कॉल द्यायचा, पंप चालू. त्याला म्हटलं, आत बघू दे. तो म्हणाला, “मामा, वॉरंटी जाईल.” म्हणून उघडला नाही. पण अशा पेट्यांत बसणारी मोडेमची पट्टी कशी बोलते ते वाचलेलं आहे. मिस्ड कॉल आला की ती शेजारच्या चिपला आधी एकच शब्द कळवते, ‘रिंग’. मग खालच्या ओळीत फोन करणाऱ्याचा नंबर देते. नंबर ओळखीचा निघाला की चिप उत्तर देते ‘एटीएच’, फोन ठेव, आणि मोटर सुरू करते.