माकडताप (क्यासनूर जंगल रोग)

माकडताप हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणुजन्य ताप असून तो मुख्यत्वे पश्चिम घाटाच्या जंगलपट्ट्यात आढळतो. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि लगतच्या गावांतही तापाची साथ आली. आशियात कधीच न आलेला पीतज्वर अखेर पोहोचला की काय, अशी धास्ती तेव्हा होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) मेलेल्या माकडांतून व रुग्णांतून विषाणू वेगळा काढला. तो डेंग्यूच्याच कुळातला, पण रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूला अधिक जवळचा निघाला.

माकडाला या रोगाचे मूळ समजले जाते, ते बरोबर नाही. विषाणू जंगलात टिकून राहतो तो गोचिडी आणि उंदीर, चिचुंद्री यांसारखे लहान प्राणी यांच्यात. वानर आणि लाल तोंडाचे माकड हे त्याचे बळीच. मात्र आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो आणि ते मेले की अंगावरच्या गोचिडी खाली उतरून पाचोळ्यात पसरतात. त्यामुळे मेलेल्या माकडाभोवतीची जागा काही काळ फार धोक्याची ठरते. गुरांना हा रोग फारसा होत नाही, पण मोठ्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर पोसतात आणि चराईमुळे गोचिडींची संख्या वाढते. माणसाकडून माणसाला लागण होत नाही.

माणसाला चावते ती बहुधा गोचिडीची अपक्व अवस्था. ती इतकी बारीक असते की चावा अनेकदा कळतही नाही. तिचा सुळसुळाट थंडीपासून मे महिन्यापर्यंत असतो. काजू बी वेचणे, लाकूडफाटा आणि पाचोळा गोळा करणे ही कामेही याच दिवसांतली. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात साथ आली, तिचे बरेचसे रुग्ण असेच रानात, बागेत राबणारे होते.

चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके व अंग कमालीचे दुखते, उलट्या होतात, डोळे लाल होतात. काहींना नाक, हिरड्या किंवा आतड्यांतून रक्तस्राव होतो. थोड्या रुग्णांत ताप उतरून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उलटतो आणि मेंदूवर परिणाम दिसतो. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के आहे. पहिल्या काही दिवसांत रक्ताच्या पीसीआर चाचणीने निदान होते. लेप्टो आणि डेंग्यूची सुरुवातही अशीच असल्याने रानात जाणे-येणे झाले असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगणे मोलाचे ठरते.

या विषाणूवर खास औषध नाही. सलाइन, ताप उतरवण्यासाठी पॅरासिटामॉल, गरजेप्रमाणे रक्त व प्लेटलेट देणे, एवढ्यावर उपचार चालतो. रक्तस्रावाचा धोका वाढवणारे ॲस्पिरिन टाळावे लागते. कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवून मृत केलेल्या विषाणूची लस अनेक वर्षे दिली गेली, परंतु तिचे दोन डोस पुरेसे ठरत नसत आणि वर्षानुवर्षे बूस्टर घ्यावे लागत. तिची परिणामकारकता घटल्याने अलीकडे तिचा वापर थांबवण्यात आला असून नव्या लशीवर काम सुरू आहे.

तोवर भिस्त प्रतिबंधावरच आहे. रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या त्वचेला आरोग्य खात्याकडून मिळणारे गोचीडरोधक तेल लावावे, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता वन किंवा आरोग्य खात्याला लगेच कळवावे.