जानेवारी आणि जुलैचा कागद

मुंबईतल्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरीच्या दारात माणसे उभी राहतात. त्याच इमारतीचा आग विझवायचा पंप तीन वर्षे गंजत पडला तरी कुणाची तक्रार येत नाही, कारण त्याची कुणाला रोज गरज पडत नाही. लिफ्टसाठी इथे १९३९ पासून स्वतंत्र कायदा आहे. परवाना, सरकारी निरीक्षक, ठरावीक तपासणी, सगळे त्यात आले. तरी लिफ्ट चालू राहते ती मुख्यतः रहिवाशांच्या आरडाओरड्यामुळे. पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर आणि धुराचा अलार्म यांच्यामागे असा कुणी नसतो. त्यांच्या बाबतीत रोजच्या वापराची जागा कागदाला घ्यावी लागते, आणि असा कागद मागणारा कायदा महाराष्ट्रात फार उशिरा आला.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. तो अंमलात आला डिसेंबर २००८ मध्ये. त्याआधीचा सारा भर बांधकामाच्या वेळच्या ना हरकत प्रमाणपत्रावर होता. पाइप बसले, पंप बसला, अग्निशमन दलाचा अधिकारी पाहून गेला, माणसे राहायला आली. पुढे त्या पंपाचे काय झाले हे विचारण्याची पक्की रीत नव्हती. नव्या कायद्याने ती घालून दिली. यंत्रणा सदैव चालू स्थितीत ठेवायची, आणि परवानाधारक एजन्सीकडून तसे प्रमाणपत्र घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाला द्यायचे. हाच तो ‘फॉर्म बी’. जबाबदारी कुणाची, हेही कायदा सांगतो: मालकाची; आणि मालक सापडत नसेल तर भोगवटादाराची. कायदा करणाऱ्यांना मुंबई चांगली ठाऊक होती, हे या शेवटच्या तरतुदीवरून कळते. इथे मालक न सापडणे हा अपवाद नाही, आणि त्याला जुना इतिहास आहे.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत ते समजण्यासारखे होते, पण कायद्याची मुदत वाढत राहिली आणि भाडे तिथेच थांबले. ज्या चाळीच्या भाड्यात जिन्याची फळीसुद्धा बदलता येत नाही, तिच्याकडे मालक पाठ फिरवणारच. इमारती पडू लागल्यावर सरकारने १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा केला: भाडेकरू आणि मालकांकडून उपकर घ्यायचा आणि दुरुस्ती मंडळाने करायची. पुढे हे मंडळ म्हाडात, म्हणजे सरकारच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, गेले. यामागचा हेतू चांगला होता, परिणाम मात्र दुहेरी झाला. हजारो कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर राहिले, आणि घराची काळजी घेणे हे मालकाचे काम आहे ही कल्पनाच दक्षिण मुंबईतून हळूहळू पुसली गेली. गोठवलेले भाडे आता अन्याय्य झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. तोवर भाडे गोठून पन्नास वर्षे झाली होती. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत इमारत कोसळून १३ माणसे गेली, तेव्हा पडलेला भाग उपकरप्राप्त इमारतीचा नसून तिला लागून असलेले अनधिकृत बांधकाम होते, असा म्हाडाचा खुलासा आला. ढिगारा उपसला जात असतानाच तो कुणाचा याचा वाद सुरू झाला होता.

उपनगरांतल्या फ्लॅटसंस्कृतीने तरी हा गुंता सोडवायला हवा होता. तिथे वेगळाच गुंता झाला. १९६३ च्या कायद्याप्रमाणे बिल्डरने जमीन व इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची. अनेकांनी ते केलेच नाही, म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून मालकी सोसायटीकडे देण्याची, सोय करावी लागली. म्हणजे ज्या वर्षी मालकावर अग्निसुरक्षेचे बंधन आले, त्याच वर्षी असंख्य सोसायट्या अजून मालक झालेल्याच नाहीत हेही सरकारने कबूल केले. सोसायटी मालक असली तरी शेकडो घरांचा कारभार पाहतो बिनपगारी सेक्रेटरी. मेंटेनन्स दोनशे रुपयांनी वाढवला तर सर्वसाधारण सभेत त्याची काय गत होते, ते सांगायला नको. जानेवारी २०२२ मध्ये ताडदेवच्या २० मजली इमारतीला आग लागून माणसे दगावली. तिथली अग्निशमन यंत्रणा चालू नव्हती, असे तेव्हा अधिकाऱ्यांनीच सांगितले. फॉर्म बी भरण्याचाच तो महिना.

फॉर्म बीच्या या पद्धतीवर पहिला आक्षेप येतो तो एजन्सीबद्दल. जिचे बिल मालक चुकते करतो, ती त्याच्याविरुद्ध कशी लिहील? शंका रास्त आहे. पण कंपनीचे हिशेब तपासणाऱ्या सीएचे पैसेही कंपनीच देते. त्याच्या सहीला जे वजन आहे, ते भागधारक आणि बँका ती सही वाचतात म्हणून. कधीकधी ते वजनही खोटे ठरते, हे मान्य. पण वाचणारा असला की निदान पकडले जाण्याची भीती राहते. दुसरा आक्षेप जुना आहे: हे सगळे सरकारी निरीक्षकांनीच करावे. १९६९ चा प्रयोग पाहिल्यावर मला ते पटत नाही. सरकारने काम अंगावर घेतले की मालक सुटतो, आणि सरकारकडे तेवढी माणसे कधीच नसतात. निरीक्षकाने अचानक जाऊन काही इमारती तपासाव्यात, खोट्या सहीचा परवाना रद्द करावा. प्रत्येक पंप त्याने चालवून पाहावा ही अपेक्षा मात्र धरू नये. तिसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि जुन्या, गरीब इमारतींच्या बाबतीत तो खराच आहे. तिथे मदत द्यावी लागेल. टॉवरच्या बाबतीत मात्र तो चालणार नाही. सोसायटीच्या उपविधींत दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड यांची तरतूद आहेच. तो पैसा आधी रंगकामावर जातो, कारण रंग दिसतो.

म्हणून माझा आग्रह वाचणाऱ्याबद्दल आहे. कायद्याने फॉर्म बी दलाच्या कार्यालयाकडे पाठवला. ज्यांचा जीव त्यावर अवलंबून आहे त्या रहिवाशांच्या हाती तो क्वचितच पडतो. तो सूचनाफलकावर लावावा, तारीख आणि एजन्सीच्या नावासकट. आणि सही होण्याआधी चार सभासदांना गच्चीवर बोलावून, हायड्रंटला होज जोडून पंप सुरू करावा. पाणी येते की नाही, हे पाहायला परवाना लागत नाही. वेळ लागतो तो फार तर अर्धा तास.