सोलापूरचा मध आणि न जुमानणारे जंतू

मी आष्टीचा. बीडची आष्टी नव्हे हं, जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. लहानपणी हात भाजला की आजी मध लावायची. मला ते खूळ वाटायचं.

पण सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी हेच तपासलं. १९९१ साली त्यांचा अभ्यास ब्रिटनमधल्या शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात छापून आला. भाजलेले १०४ रुग्ण. निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या. मलमाच्या गटात फक्त ७ टक्के.

कसं काय? मध जंतूंमधलं पाणी ओढतो, आम्लधर्मी असतो, वर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार करतो. एकाच वेळी तीन बाजूंनी मार! म्हणून प्रयोगशाळेत त्यानं एमआरएसएलाही मारलं. एमआरएसए म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा, त्वचेत पू करणारा जंतू. आज गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या मधाच्या तयार पट्ट्या मिळतात.

मग आजी बरोबर होती? अर्धीच. घरातल्या बरणीतला मध निर्जंतुक नसतो. जखम चिघळली, लाली पसरली, ताप आला, तर थेट डॉक्टर गाठा. आणि मनानं अँटिबायोटिक घेऊ नका; असे हट्टी जंतू त्यातूनच तयार होतात.