पंडिता रमाबाईंचे औदार्य : एक विचार

आमचे गौतमपुरा हे गाव होळकरांच्या घराण्यातील गौतमाबाईंच्या नावाने ओळखले जाते. मल्हाररावांच्या या पत्नीस पेशव्यांनी १७३४ मध्ये खासगी जहागीर लावून दिली आणि पुढे अहिल्याबाईंनी त्या खासगीच्या उत्पन्नातून घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे उभी केली. माळव्यातील मराठी माणसापुढे औदार्य म्हटले की हेच चित्र उभे राहते : भरल्या कोठारातून अखंड वाहणारा दानाचा ओघ. त्याची थोरवी निर्विवाद आहे. परंतु ज्याच्यापाशी कोठारच नाही त्याने उदार कसे व्हावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. ख्रिस्ती धर्माने या प्रश्नाचा विशेष विचार केलेला दिसतो. मंदिराच्या पेटीत दोन क्षुल्लक नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेचे दान येशूने धनिकांच्या दानाहून मोठे मानले. कारण ते तिच्या तोंडच्या घासातून आलेले होते. हा विचार मराठी भूमीत नित्याच्या आचरणात कसा उतरला, हे पाहावयाचे तर पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्राकडे वळले पाहिजे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे स्वतः मोठे दाते होते. गंगामूळ येथील आश्रमात विद्यार्थी व यात्रेकरू यांच्या आतिथ्यात त्यांचे द्रव्य संपले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. उरलेसुरले तेही दानधर्मात गेले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले, तेव्हा वडील, आई व थोरली बहीण अल्पावधीत निवर्तली. घरात संस्कृत विद्या मुबलक होती. पण पोट भरण्याजोगे अंगमेहनतीचे काम कोणास येत नव्हते, आणि हात पसरण्यास मन धजत नव्हते. ही आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. त्यांच्या साऱ्या कार्याचे बीज आम्हास येथे दिसते.

दुसरा संस्कार इंग्लंडमध्ये झाला. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वास्तव्यात लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणारी जोगिणींची संस्था त्यांनी पाहिली. ज्यांचा आपल्यावर काडीचाही हक्क नाही, ज्यांना देऊन कोणी पुण्यवान म्हणणार नाही, अशांनाही आपले म्हणावे, ही गोष्ट त्यांच्या मनावर कायमची ठसली.

१८८९ मध्ये मुंबईस शारदासदन निघाले व पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. त्याचा खर्च प्रामुख्याने बॉस्टन येथील मंडळाने दहा वर्षांसाठी पत्करला होता. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १८९९–१९०० चा दुष्काळ गुजरात-राजपुतान्याबरोबर आमच्या माळव्यासही भोवला. त्या सुमारास मुक्तीतील संख्या दीड हजारांवर गेली. एवढ्यांना नुसते जेवू घालणे हेच मोठे दान झाले असते. रमाबाई तेथे थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छापखाना, शिक्षण असे काही ना काही काम प्रत्येकीच्या हाती दिले. अंध मुलींसही शिकविण्याची सोय केली. आश्रयास आलेल्यांपैकी कित्येकी पुढे नव्यांना शिकवू व सांभाळू लागल्या. अनंतशास्त्र्यांच्या घरात जे उणे होते, ते कन्येने असे भरून काढले.

येथे एक आक्षेप विचारात घेतलाच पाहिजे. शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, असे दिसून येताच १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले. मुक्ती तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. अन्नाबरोबर धर्म आला, तर त्यास निरपेक्ष औदार्य म्हणावे काय? ही शंका रास्त आहे, आणि भुकेल्या मुलीची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न इतिहासकाराने टाळू नये. त्याचबरोबर हेही नोंदविले पाहिजे की, या मुलींच्या उशाशी मृत्यू उभा असता फारच थोडी दारे त्यांना उघडी होती.

शिवाय औदार्याचे फळ दात्याच्या कुंपणात राहत नाही. शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई जोशी या बालविधवेचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या हिंदूच राहिल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि आनंदीबाई या नावाने गोदूबाईंनी त्या कार्यास साथ दिली. केडगाव आणि हिंगणे यांचे धर्म निराळे; तरी या नात्याची नोंद दोहोंच्या इतिहासात व्हावी.

आम्हा शिक्षकांपाशी खासगी जहागीर नाही. वेळ, विद्या आणि धीर एवढेच आमचे भांडवल. तेही बहुधा शिलकीचे नसते. शाळा सुटल्यावर मागे पडलेल्या मुलास दिलेला अर्धा तास हे त्या विधवेच्या नाण्यांच्या जातीचे दान होय. तेच मूल पुढे शेजारच्या मुलास हिशेब समजावू लागले, म्हणजे ते दान पोहोचले असे समजावे.