छापचित्राची कुळकथा: राजवाड्यातून देवघरात

२५ ऑक्टोबर १८०६. प्रशियाचा पराभव करून नेपोलियन पॉट्सडॅमच्या चर्चमध्ये फ्रेडरिक द ग्रेटच्या शवपेटीपुढे उभा राहिला. फ्रेडरिकची तलवार त्याने विजयचिन्ह म्हणून पॅरिसला नेली. हा प्रसंग कोरीव छापचित्रांतून युरोपातल्या घराघरांत पोचला. १८१४ मध्ये शत्रू पॅरिसच्या वेशीवर आला, तेव्हा जिंकलेली निशाणं जाळण्यात आली आणि ती तलवारही त्याच आगीत गेली. छापचित्रं मात्र उरली.

आपल्या घरांत छापचित्र कुठून आलं, याचा माग काढत गेलं की वाट बडोद्याला पोचते.

सयाजीराव गायकवाडांच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी राजा रविवर्म्याने चौदा पौराणिक चित्रं रंगवली. १८९० च्या सुमारास ती पुरी झाली आणि राजवाड्यात लागण्याआधी लोकांना दाखवली गेली. बघायला रीघ लागली, पण चित्रं पडली राजवाड्याची. घरी न्यायला सामान्य माणसाच्या हाती काय होतं? त्याचं उत्तर बडोद्याचे माजी दिवाण, तंजावरी मराठी घराण्यातले टी. माधवराव यांनी आधीच देऊन ठेवलं होतं. दोन हातांनी किती चित्रं काढाल, ती छापून घ्या, असं त्यांनी रविवर्म्याला पत्रातून सुचवलं होतं. १८९४ मध्ये गिरगावात छापखाना उभा राहिला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

तिथली रीत शिळाछापाची. जर्मनीत आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शोधलेली ही रीत तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभी आहे. चुनखडीच्या गुळगुळीत लादीवर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, मग लादी ओली करायची. शाई फक्त खडूच्या रेघांना धरते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाची लादी वेगळी आणि तोच कागद एकेक करून साऱ्या लाद्यांवरून जातो. कागद जरा सरकला, की लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो. शेवटी वार्निशचा हात फिरवून तैलचित्राची झाक आणायची. असं चित्र म्हणजे ओलिओग्राफ.

रविवर्म्याची चित्रं बडोद्यात पोचली त्याच सुमारास, १८९० मध्ये, तिथे कलाभवन सुरू झालं. त्र्यंबकेश्वरचा एक तरुण छायाचित्रण आणि ठसे करण्याची विद्या तिथे शिकला. पुढे त्याने रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलं, मग स्वतःचा छापखाना काढला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. ते दादासाहेब फाळके. भारतीय सिनेमाची पाळंमुळं अशी बडोद्याच्या शाईतही आहेत.

मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत जळाला. फ्रेडरिकच्या तलवारीसारखंच झालं: मूळ वस्तू गेली आणि कागद उरला. तो कागद आज आजीच्या देवघरात असेल, नाहीतर माळ्यावरच्या फुटक्या चौकटीत असेल. टाकून देण्याआधी त्याची खालची कड पुसून बघा. तिथे रविवर्म्याच्या छापखान्याचं नाव असेल, तर तुमच्या हातात इतिहास आहे. ओल आणि ऊन यांपासून तो जपा.