पाण्याचा कारभारी कोणास करावे?

श्रोतेहो, पाणी व सांडपाणी यांच्या कारभारातील एखादी मोठी जागा रिकामी झाली म्हणजे आज जाहिरात निघते, अर्ज येतात, पदव्या व अनुभवाची वर्षे मोजून निवड होते. या रीतीत गैर असे काही नाही. परंतु भंडारा जिल्ह्याचा इतिहास पाहिला, तर उमेदवारास विचारावयाचा एक प्रश्न आपण विसरत चाललो आहोत, असे दिसून येईल.

हा मुलूख धानाचा. पाऊस पुष्कळ पडतो, पण ऐन वेळी दडी मारतो. तेव्हा उतारावरून धावणारे पाणी अडवून ठेवणे हाच येथील शेतीचा प्राण. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना कोहळी लोकांस बरोबर आणले, अशी त्या समाजाची परंपरागत समजूत आहे. जो जंगल तोडील व तलाव बांधील, त्यास त्या तलावाखालची जमीन मिळावी, अशी त्या राजवटीची रीत सांगतात. म्हणजे तेथे पाळ हाच अर्ज! आधी पाणी अडवून दाखवावे, मग अधिकार मागावा. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटलाने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे लोक सांगत आले आहेत. १९९९ साली जिल्हा विभागला गेल्यापासून तो गोंदिया जिल्ह्यात मोडतो.

या व्यवस्थेचे खरे बळ एका साध्या गोष्टीत होते. तलाव राखणाऱ्याचे स्वतःचे धान त्याच तलावाखाली उभे असे. पाळ फुटली, किंवा तुडूम म्हणजे पाणी सोडण्याची मोरी बिघडली, तर त्याचेही शेत बुडे वा करपे. तथापि त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सत्ता एका घरात साठली, आणि पाळीवर माती वाहणाऱ्या हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे इंग्रजी बंदोबस्तात मालगुजारास गावाची वंशपरंपरागत मालकी मिळाली, आणि कर्तृत्वाने मिळणारा मान जन्माने मिळू लागला. तरीही गावचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात नोंदले गेले व रयतेच्या हक्कांस लेखी आधार लाभला.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे मालकी हक्क सरकारकडे गेले. अन्याय्य मालकी गेली हे योग्यच झाले. पण मालकीबरोबर तलावाची चिंता वाहणारा माणूसही गेला. तलाव सरकारजमा झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली मिळून सुमारे सात हजार ‘माजी मालगुजारी तलाव’ मोजले जातात. त्यांतील कित्येक गाळाने भरत गेले.

२००५ साली महाराष्ट्राने दोन कायदे केले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापिले. त्याच्या मूळ तरतुदीप्रमाणे अध्यक्ष मुख्य सचिवाच्या दर्जाचा असावा व निवड समितीच्या शिफारशीवरून नेमला जावा, असे ठरले. दुसऱ्या कायद्याने पाणीवापर संस्थांच्या कारभारात कालव्याच्या शिरोभागाप्रमाणेच मध्यभागाच्या व अगदी शेपटाकडील शेतकऱ्यांसही प्रतिनिधित्व दिले. शेपटाचा माणूस कारभारात बसल्यावाचून शेपटापर्यंत पाणी पोहोचत नाही, हे शहाणपण या दुसऱ्या कायद्यात आहे.

सांडपाण्याच्या बाबतीत मात्र हे शहाणपण अद्याप दिसत नाही. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेस मिळते, आणि वैनगंगा पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणात अडते. या धरणाचा पायाभरणी समारंभ १९८८ साली झाला. नागपुरात भांडेवाडी येथे शुद्धीकरण होते व शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्रास जाते, ही गोष्ट चांगली. परंतु शहराचे सर्वच सांडपाणी शुद्ध झालेले नाही. उरलेले खाली उतरते. सांडपाण्याच्या या प्रवाहात नागपूर शिरोभागी आहे, भंडारा शेपटाशी. आणि शेपटाकडच्या कोळ्या-ढिवरांस, शेतकऱ्यांस व नदीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबांस वरच्या शहरातील नळ-गटारांच्या कारभारात मत नाही.

म्हणून, श्रोतेहो, या प्रांताच्या पाण्याचे नेतृत्व मागणाऱ्याची पदवी अवश्य पाहावी, अनुभवही पाहावा. मात्र त्याला एवढेही विचारावे: ‘आपण सोडलेले पाणी शेवटी कोणाच्या घागरीत पडते, आणि त्या घरास हिशेब देण्यास आपण बांधलेले आहात काय?’ जुना तलाव बांधणारा या प्रश्नाचे उत्तर देण्यास बांधलेला होता, कारण त्याचे शेत तलावाखालीच होते. आजच्या अधिकाऱ्याचे शेत तेथे नसते. तेव्हा जे बंधन पूर्वी जमिनीने घातले, ते आता नियमाने घातले पाहिजे.